जेलीसरांचा हलका हात

जेलीसर जखमेशी बोलत. आईच्या पायाची पट्टी सोडली की वाकून म्हणत, “काय गं, आज तरी हसणार का?” आई हसे. जखम काही हसली नाही.

ते फार्मसी कॉलेजात शिकवत आणि जखमेवर लावायची जेली बनवत, म्हणून हे नाव. मिलच्या गावी, भेस्तानला, आमच्या शेजारी राहत. मूळचे आमच्यासारखेच धुळ्याचे, त्यामुळे आईशी त्यांचं लगेच जमलं. ती त्यांना भाऊ म्हणे, ते तिला मावशी. मधुमेहाने तिच्या अंगठ्याजवळ जखम झाली, तेव्हा ते आपणहून म्हणाले, “माझी जेली लावून बघू.”

जेली कशी काम करते, हे त्यांनी भिजलेला साबुदाणा दाखवून समजावलं. “हा पाणी पितो ना, तशी जेली औषध पिते. मग जखमेला घोट घोट पाजते.”

रोज कॉलेजला जाण्याआधी ते यायचे. आई म्हणायची, “तुना हात हलका शे भाऊ, जेवीसन जाय.” मग भाकरी, ठेचा आणि गप्पा. पट्टी बांधून घ्यायला ती कधी चुकली नाही. भाचीच्या लग्नालासुद्धा गावी गेली नाही.

मी मिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस. दर रविवारी फूटपट्टी धरून जखम मोजायचो. ती कमी होत नव्हती, पुढे वाढू लागली. सरांना विचारलं की म्हणत, “जेलीला घाई नसते, दादा.”

शेवटी इस्पितळात अंगठा काढावा लागला. सर बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले.

“मावशींच्या जेलीत औषध नव्हतं,” ते म्हणाले. “प्रयोगात तुलनेसाठी काही जणींना नुसती जेली लावावी लागते.”

“आईच का?”

“बाकीच्या मधेच सोडून जातात. मावशी टिकणार, याची खात्री होती.”

“सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात का?”

मी उठून आत गेलो. त्यानंतर त्यांच्याशी बोललो नाही. वर्षभरात ते घर सोडून गेले.

आईला मात्र त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने विचारलं,

“मंग ज्यासले औषध भेटनं, त्या बऱ्या व्हयन्यात का?”

“बऱ्याच जणी झाल्या म्हणतात.”

“चांगलं झायं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नर्स पट्टी बदलायला आली, तेव्हा आईने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. “आधी त्यात काय शे ते सांग,” ती म्हणाली.