साहेबाचे चिरूट आणि धाब्यावरच्या मिरच्या

चहा आधी संपवून घ्या. हा किस्सा ऐकताना एकाला ठसका लागला, त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

तेव्हा मी तळोद्याच्या जंगल कचेरीत हंगामी कारकून होतो. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेबाच्या एका शेऱ्यावर होतं. घरी लग्नाची बोलणी त्याच शेऱ्यावर अडली होती. कायम नाही तर मुलगी नाही, असं मुलीकडच्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

साहेब गोरा. मराठी इतकं पुस्तकी बोलायचा की आपल्यालाच आपली लाज वाटावी. ओढायचा मात्र काळे, अंगठ्याएवढे जाड चिरूट. एकदा मी हवेतच वास घेऊन म्हणालो, "पान उत्तम, पण जरा कच्चं." मला काय कळत होतं? कपाळ! पण साहेबाला वाटलं, माणूस जाणकार आहे. आठ दिवस धडगावकडे फिरतीवर निघताना त्याने चिरुटांची अख्खी पेटी माझ्या हवाली केली.

पेटी उघडली तर आत पत्र्याच्या वाटीत ओल्या कापसाचा बोळा! मला हसूच फुटलं. एवढं मोठं राज्य चालवतात आणि तंबाखू कोरडी ठेवता येत नाही? आमच्याकडे विडीचा कट्टासुद्धा चुलीच्या उबेला ठेवतात. बोळा मी खिडकीतून भिरकावला.

आमचा शिपाई दगा दारात उभा होता. म्हातारा, विडीसुद्धा न ओढणारा, म्हणजे माझ्या लेखी अडाणी. तो हळूच म्हणाला, "रावसाहेब, ते राहू द्या. सायबनी मुद्दाम ओलं करीसन ठेयेल शे."

शिपायाने मला तंबाखू शिकवावी? मी त्याला शिडी धरायला लावली आणि चिरूट घेऊन घरमालकाच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढलो. वर त्याच्या मिरच्या वाळत होत्या, पाय ठेवायला जागा नाही. मग काय, मिरच्यांमध्येच एकेक चिरूट नीट मांडला. ऊन तर असं की डोकं भाजून निघावं.

तिसऱ्या दिवशी चव बघायला एक पेटवला. विडीसारखा धूर छातीभर ओढला आणि तिथेच धाब्यावर आडवा झालो. घशात आग, नाकात आग, डोळ्यांतून धारा. दगाने पाणी पाजलं. शुद्धीवर आल्यावर मी काय म्हणालो असेन? "याला म्हणतात कडक." मला वाटलं, उन्हाने तंबाखूचा खरा दम बाहेर काढला! उरलेले चिरूट मी मिरच्यांत आणखी खोल खुपसले. अक्कल वाटत होते तेव्हा मी बहुधा धाब्यावर होतो.

साहेब परतला. सगळ्या कचेरीसमोर त्याने पेटीतून चिरूट उचलला. तो पापडासारखा वाजला. पेटवून साहेबाने एकच झुरका घेतला, आणि मग तो बराच वेळ खोकत राहिला. चेहरा मिरचीच्या रंगाचा झाला. मागे उभे असलेले दोन कारकून शिंकू लागले.

पाणी पिऊन साहेबाने शांतपणे विचारलं, "हे कोणी वाळवले?"

दगा काहीतरी बोलायला पुढे झाला. मेल्याला श्रेय हवंय, असं वाटून मी त्याला कोपराने मागे सारलं. "मी साहेब. एकट्याने. दगा तर नको म्हणत होता."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, दगाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

महिन्याभराने हुकूम आला. कायम! मी पेढे वाटले, होणाऱ्या सासरी तार केली, आणि मग हुकूम शेवटपर्यंत वाचला. नेमणूक धडगावच्या गोदामावर, जंगलातून येणारी मोहाची फुलं वाळवून घ्यायला. खाली साहेबाच्या हातचा मराठी शेरा: 'वाळवण्याचा अनुभव दांडगा. इतर काहीही सोपवू नये.'

आणि साहेबाची नवी पेटी सांभाळायला कोण? दगा. चिरूट वाळू नयेत म्हणून रोज बोळा भिजवायचा, एवढंच काम. जे गाढवालाही जमलं असतं, ते मला जमलं नव्हतं.

निघायच्या दिवशी त्यानेच माझी वळकटी बांधली. दोरी आवळता आवळता अगदी मनापासून विचारलं, "रावसाहेब, मिरच्या बी बांधी देऊ का?"