वंदनाची माय बरी आहे

हे मी अजून कोणापाशी बोललेलो नाही. मुलापाशी नाही. बायको असती तर तिच्यापाशीही बोललो नसतो बहुतेक — तिनं घरात घेतलं नसतं मला. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जीभ जरा सैल पडते आहे. तरी बघा, मूळ गोष्टीला हात घालवत नाही.

मोताळ्यात माझं कापडाचं दुकान होतं. बायको गेली, दुकानात मन रमेना, विकून मोकळा झालो. मुलगा पुण्याला. त्याला इकडे यायला सवड नसते, म्हणून त्यानं मला दुबईच्या सहलीला पाठवलं. बाबा, तेवढंच फिरून या, म्हणाला. सोबत सगळी पुण्याची जोडपी. वाईट नव्हती हो माणसं. पण मी "मले चहा पायजे" म्हटलं की एकमेकांकडे बघून हसायची, आणि जेवताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. उंच इमारती पाहिल्या, वाळवंट पाहिलं. पण पाहून झाल्यावर सांगायचं कोणाला?

शेवटच्या दिवशी सगळे खरेदीला गेले. मी बाहेर बागेत बाकावर बसलो आणि मुलाला फोन लावला. "मले काही घ्यायचं नाही, मी इथंच बसून राह्यलो," एवढं बोललो, तर त्याची मीटिंग सुरू झाली. जवळच एक बाई कोणाच्या तरी लेकराला झोका देत होती. झोका थांबवून ती माझ्याकडे बघायलाच लागली.

"कोणत्या गावचे हो तुमी?"

मोताळ्याचा म्हटल्यावर तिला रडूच फुटलं. वंदना तिचं नाव, माहेर आमच्या मोताळ्याजवळचंच, वडनेर भोलजी. नवऱ्यानं टाकली, म्हणून इथं एका घरी मुलं सांभाळायला आलेली. भावाला ते काही पटलं नाही. तो तिचा फोन उचलत नव्हता, आणि आई त्याच्याच घरात. आई जिवंत आहे की नाही, एवढंही तिला कोणी सांगत नव्हतं.

"काका, माह्या मायले एकदा डोयानं पाहून या. कशी हाय ते मले सांगा. दुसरं काही नको."

आमच्याकडे माहेरच्या बाजूचा कोणीही भेटला तरी तो माहेरचाच माणूस. त्याच्या पाया पडायचं, त्याच्या हाती काहीतरी पाठवायचं. आणि त्यानंही परतल्यावर आधी त्या घरी खुशाली सांगायची, मग आपल्या घरी पाणी प्यायचं — जुनी माणसं असंच करायची. वंदना तिथंच, सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली. मायचे दात पडलेत म्हणून नरम खजुराचा डबा आणून दिला, घराचा पत्ता सांगितला, माझा नंबर लिहून घेतला. जातो, नक्की जातो, म्हणालो मी. तेव्हा मनापासूनच म्हणालो होतो.

आलो आणि आधी आपल्याच घरचं पाणी प्यालो. मग थकवा होता, मग ऊन होतं, मग कोणाचं तरी लग्न निघालं. वडनेर काय लांब आहे? गाडी बदलून गेलं तरी दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. आणि खजूर — सांगू का? — संध्याकाळी चहासोबत एकेक करून मीच खाल्ले. डबा संपला आणि जायला तोंड उरलं नाही.

एका रविवारी तिचा फोन आला. गेलो नाही, असं सांगायचं होतं. पण तिचा आवाज इतका आतुर, की तोंडातून निघालं, "पाहून आलो. बरी हाय तुही माय." ती हसली. मग म्हणाली, "काका, तुमी काय खाल्लं आज?" हे मला किती दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

मग दर रविवारी फोन. मी आठवडाभर जुळवाजुळव करायचो. माय भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, माय म्हणे पोरीनं डोक्याला तेल लावत जावं. कुठून आणायचो हे सगळं? माझी बायको तसं बोलायची. खोटं पकडलं जाईल याची भीती नव्हतीच मला. फोन यायचा थांबेल, याची होती. लाज वाटते सांगायला, पण तेच खरं आहे.

एकदा ती म्हणाली, "म्याडम आता सुट्टी देतो म्हणते. येऊ का? का माय चांगली हाय तर पुढच्या साली येऊ?"

ती आली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "चांगली हाय. पुढच्या साली ये."

त्यानंतर मात्र झोप लागेना. तरी दोन महिने तसेच काढले, आणि पोळा झाल्यावर एक दिवस उठून गेलो वडनेरला. शाळेमागच्या गल्लीत घर सापडलं. दाराला कुलूप होतं. शेजारीण तांदूळ निवडत बसली होती. तिनं सांगितलं, म्हातारी वर्षभर अंथरुणाला खिळून होती, महिना झाला तिला जाऊन. "पोरीले बलाव, पोरीले बलाव, म्हने पोराले. त्यानं काही बलावलं नाही." मग विचारलं, "तुमी कोण?"

मी? कोणी नाही, म्हणालो.

हिशेब साधा होता. मी "पुढच्या साली ये" म्हणालो, त्या रविवारी ती बाई जिवंत होती. पोरगी विमानात बसली असती तर पोचली असती. तिच्या भावानं बोलावलं नाही. पण ती येत होती, तर तिला अडवलं कोणी?

परतताना गाडीत ठरवलं, या रविवारी सांगून टाकायचं. तो रविवार गेला. पुढचाही गेला.

काल रविवार होता. फोन आला. वंदनानं विचारलं, "जेवली का माय?"

हो म्हणालो. जेवली.