सोडलेलं सीताफळ

आमचं गाव द्रोणागिरीच्या डोंगराखाली. बाबा मिठागरावर कामाला जात. परसात सीताफळाचं एकच झाड होतं, पण आश्विनात ते असं लगडायचं की फांद्या कुंपणाला टेकायच्या. डोळे उघडलेली फळं आई उतरवायची आणि पिकायला पेंढ्यात घालायची. मग घरभर तो गोड वास.

त्या वर्षी भादव्यात माझ्या थोरल्या बहिणीला ताप आला. तिला आम्ही सगळे बाय म्हणायचो. ताप उतरायचा आणि परत चढायचा. आई गावदेवीला गेली आणि बोलून आली, "माझी पोर बरी होईपर्यंत आमच्या घरात कुणी सीताफळ खाणार नाही." आमच्याकडे नवसाला आवडतं तेच सोडायची रीत. बोलताना आईच्या मनात ती स्वतः, बाबा आणि मी होतो. बाय तिच्या ध्यानात नव्हती. पण बाय त्याच घरातली होती, आणि शब्द तोंडातून गेला होता.

पुढे आश्विनात बाबांनी उरणहून डॉक्टर आणला. मी दाराआड उभी राहून ऐकलं. त्याने सांगितलं, अंगात रक्त राहिलेलं नाही, हंगामाची फळं द्या, पोटात जाईल ते द्या. आईने पेरू दिला, तर बायच्या तोंडातल्या फोडांना बिया टोचल्या. केळं दिलं, ते उलटून पडलं. आळीत वाटायला आईने पेंढ्यात घातलेल्या सीताफळांकडे ती बघायची.

आत्या आईला म्हणाली, "अगो, देवीला नारल दे नि बोल मागं घे. ती काय सावकार हाय?"

आई कौल लावायला गेली. भगताने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर होकार. डावं पडलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं, परत डावंच पडलं.

बाबा त्या दिवशी मिठागरावर गेले नाहीत. पेंढ्यातलं एक फळ काढून त्यांनी बायच्या अंथरुणाशी बसून फोडलं. "खा गो बाय. पाप लागंल तं मना लागंल."

बायने त्या पांढऱ्या गराकडे पाहिलं. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"नको बाबा. आयचा बोल मोडला तं मी मरन."

बाबांनी खूप विनवलं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती खा म्हणाली नाही आणि नको असंही म्हणाली नाही. फोडलेलं फळ संध्याकाळी काळं पडलं, तेव्हा बाबांनी ते शेजारच्या गाईला घातलं.

दिवाळीच्या आधी बाय गेली.

नवस होता बरी होईपर्यंत. आता तो फिटायचा कसा, हे भगतालाही सांगता येईना. म्हणून तो तसाच राहिला. दर आश्विनात झाड लगडायचं, आई फळं उतरवून पिकवायची आणि टोपली घेऊन आळीत वाटून यायची. आमच्या घरात कुणी तोंडाला लावलं नाही. बाबांनी झाड तोडायला कोयता काढला, तेव्हा आई आडवी आली.

माझं लग्न जवळच्याच गावात झालं. पहिल्या आश्विनात सासूने माझ्यापुढे सीताफळ ठेवलं. मी नुसती नकाराची मान हलवली. ती हसली, "राजाची लेक हाय गो आमची सून!" नेमकी त्या दिवशी आई मला भेटायला आली होती. तिने सासूला काही सांगितलं नाही. फळ उचलून माझ्या हातात दिलं.

"तू खा. तुजं घर आता येगलं."

मी फोडून खाल्लं. आई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. बिया टाकायला तिने ओंजळ पुढे केली आणि हळूच विचारलं, "गोड हाय काय गो?"


मी हो म्हणाले. तिने दुसरं फळ फोडायला घेतलं, माझ्यासाठी.