चुलीच्या राखेतली काच

लोहाराच्या भट्टीतून अक्कानं सांडशीत धरून मूस उचलली, तेव्हा त्या मातीच्या वाटीच्या तळाशी जे लालभडक, घट्ट, मधासारखं संथ हलत होतं, ते काच आहे यावर माझा विश्वासच बसेना... "अगं, वाळूच हाय ती, आपल्या गोदावरीची," ती हसून म्हणाली. घामानं कपाळ निथळलेलं, ओढणीला कोळशाचा उग्र वास — तो वास अजून कुठंही मला गाठतो, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अण्णा रेल्वेत, त्यामुळं आमचं बिऱ्हाड मुदखेडला. अक्काचं ते बारावीचं वर्ष. नांदेडच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं काच करायची ठरवली होती. धुऊन वाळवलेली वाळू, धुण्याचा सोडा आणि वाळू लवकर वितळावी म्हणून सोनाराकडून आणलेला टाकणखार, एवढंच तिचं भांडवल. अण्णांनी मात्र जेवता जेवता निकाल देऊन टाकला होता, "नांदेडला नंबर आला तर लातूरला बीएस्सीला धाडतो. न्हाई तर धर्माबादचं स्थळ हाय." अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! पोरीचं अख्खं आयुष्य त्या वाटीभर रसात आणून ठेवलं होतं त्यांनी. मला आजही त्यांचा राग येतो.

रस तापल्या पळीत ओतला आणि मूस तडकली. दुसरी मूस नव्हती, परवावर प्रदर्शन आलेलं. पळीत मात्र पेरूच्या कोवळ्या पानाच्या रंगाची, तळहाताएवढी चकती जमली होती... काय देखणी होती म्हणून सांगू! काच एकदम गार झाली तर फुटते, म्हणून अक्कानं ती निखाऱ्यांच्या घमेल्यात घरी आणून चुलीतल्या निखाऱ्यांवरच्या राखेत पुरली. "उद्या दुपारपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई," तिनं सगळ्यांना बजावलं. माय तर एवढी धास्तावली, की चूल तशीच ठेवून तिनं स्टोव्हवर भाकरी भाजल्या.

पण आमच्या घरात नवी वस्तू आधी देवापुढं जायची. कुकर असो, शाळेचा गणवेश असो, त्यावर पाणी शिंपडून हळदकुंकू वाहिल्याशिवाय माय ती वापरू द्यायची नाही. पहाटे स्नान करून तिनं राखेतली काच हात न लावता सांडशीनं अलगद काढली, देव्हाऱ्यासमोर ताम्हनात ठेवली, लेकीचं भलं व्हावं म्हणून डोळे मिटून पाणी शिंपडलं, आणि नळाला पाणी आलं म्हणून घागर घेऊन बाहेर पडली. मी अंथरुणातून पाहत होते. काच आतून अजून तापलेलीच होती.

टक्क!

अक्का धडपडत उठली. ताम्हनात दोन तुकडे, वर ओलं कुंकू... ती रडली नाही. कुंकू पुसून तिनं दोन्ही तुकडे पुन्हा राखेत पुरले आणि माझ्या तोंडावर हात ठेवला, "मायला कळता कामा न्हाई. जीव देईल ती." माय परतल्यावर "मीच पुन्हा राखेत पुरली," एवढंच तिनं सांगितलं.

दुपारी सगळ्यांदेखत तिनं राख उकरली. "माझंच माप चुकलं, आपोआप तडकली," ती म्हणाली. अण्णा नुसतं "हं" म्हणाले. माय भिंतीला टेकून उभी होती. प्रदर्शन हुकलं, आणि उन्हाळ्यात अक्काचं लग्न लागलं, धर्माबादला.

यंदा अक्काची लेक लातूरला अकरावीला निघाली. जाताना दोघी मुदखेडला थांबल्या, मीही आले होते. अण्णा आता नाहीत. माय आहे, वाकलेली, थकलेली. सवयीनं मी भाचीची नवी बॅग देवापुढं ठेवली आणि पाण्याचा तांब्या मायपुढं केला. तिनं हात मागं घेतला.

"तूच शिंपड. माझ्या हातचं पाणी नको."

अक्का जागीच थबकली. "माय, ती आपोआप तडकली व्हती गं..."

"टक्क झालं तवा मी दारातच व्हते," माय म्हणाली.

इतकी वर्षं! दोघींनी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली होती. अक्कानं मायचा हात धरून तांब्यात बुडवला, बॅगेवर नेला... पण मायनं मूठ आवळून घेतली, आणि बोटांवरचं पाणी बॅगेपर्यंत पोचलंच नाही, खाली फरशीवर गळून गेलं.