ओढ्याची मध्यरेषा

आमचे गाव शहरात गेले, तेव्हा मी दुपारचा झोपलो होतो. हद्दवाढीची अधिसूचना निघाली, ग्रामपंचायत बरखास्त झाली, आणि साठ वर्षे खेडवळ म्हणून ऐकून घेतलेला मी कुशीवर वळण्याच्या आत शहरवासी झालो. उठल्यावर बातमी कळली आणि मला संताप आला. मुळात हद्दवाढीला माझा विरोध नव्हता. मात्र अधिसूचनेवर हरकत घेण्याची मुदत माझ्या नकळत संपली होती. अधिसूचना नेहमीप्रमाणे चावडीवर चिकटवली होती म्हणे. पण त्या आठवड्यात मी विजेच्या खांबाविषयी पत्रव्यवहारात गुंतलो होतो.

माझी हयात दिवाणी न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. मी वकील नव्हे. वकिलांना पुढच्या तारखा देणारा माणूस. तीस वर्षे दुसऱ्यांचे अर्ज दाखल करून घेतले, त्याचा सूड निवृत्तीनंतर मी स्वतःचे अर्ज लिहून उगवत आहे, असे माझ्या पत्नीचे मत आहे. माझ्या प्रत्येक पत्राखाली 'प्रत माहितीसाठी' अशी यादी असते आणि ती बहुधा पत्रापेक्षा लांब असते. रजिस्टर पोस्ट बंद झाले, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

शहरात गेल्याचा पहिला परिणाम असा झाला की आमच्या गल्लीचे पाणी गेले. ग्रामपंचायतीची विहीर आणि मोटार नगरपालिकेकडे वर्ग झाली, मोटार जळाली, ती कोणी दुरुस्त करायची याविषयी दोन टेबलांमध्ये मतभेद झाले. शहराची जलवाहिनी आमच्यापर्यंत आलेली नव्हती. निवडणूकही होत नव्हती. वर्षानुवर्षे प्रशासक होता आणि दर तिसऱ्या दिवशी येणारा टँकर होता. माझी पत्नी माहेरची सांगलीकडची, कृष्णेकाठची. टँकरच्या रांगेत घागर ठेवताना ती मोठ्याने म्हणत असे, "आमच्या बाबानं जावई लिहिता-वाचता बघितला. पाणी बघाय पायजे हुतं."

अखेर निवडणूक लागली आणि आमच्या प्रभागातील जागा महिलांसाठी राखीव झाली. गल्लीतील एका बाईंनी उभे राहायचे ठरवले. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरणाऱ्यांचे. नवरा कापूस पिंजतो, त्या गाद्या शिवतात. लहानथोर सगळे त्यांना भाभी म्हणतात. ग्रामपंचायत असताना त्या एकदा सदस्य होत्या आणि तेवढ्याच काळात आमच्या नळाला रोज पाणी होते. त्यांना एवढेच हवे होते, की ते पाणी परत यावे.

"काका," त्या मला म्हणाल्या, "कागदाचं तेवढं तुमी बघा. मला त्यातलं कळत न्हाई."

आयुष्यात मला कोणी आपण होऊन कागद बघायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती. त्या रात्री आनंदाने मला झोपच लागली नाही.

प्रथम प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली. नगरपालिकेच्या फलकावर नकाशा लावला होता आणि त्यात घरे मुंग्यांएवढी दिसत होती. आमच्या प्रभागाची हद्द ओढ्याने सरळ खाली येत होती आणि एके ठिकाणी, काहीही कारण नसताना, पलीकडे फुगून परत ओढ्यात उतरत होती. बैलाच्या पाठीवर वशिंड असावे, तसा तो फुगवटा. नियम असा की हद्द शक्यतो ओढा, नदी, रस्ता अशा ठळक खुणांनी जावी. मी घरी येऊन, हद्द ओढ्याच्या मध्यरेषेपर्यंतच असावी, अशी अकरा पानी हरकत लिहिली. हा फुगवटा स्वैर असून कोणा तरी वजनदार व्यक्तीच्या सोयीसाठी काढला आहे, असा स्पष्ट आरोप मी तीत केला. आणि नियमाला एकदा अपवाद केला की नियम उरत नाही, हे वाक्य ठळक अक्षरात घातले. नऊ जणांना प्रती पाठवल्या.

सुनावणीला साताऱ्याला गेलो. समोरच्या अधिकाऱ्याने पहिले पान वाचले, नकाशा पाहिला आणि म्हटले, "मुद्दा बरोबर आहे. हद्द ओढ्याच्या मध्यरेषेने घ्या. मान्य."

मी म्हणालो, "साहेब, अजून दहा पाने आहेत."

"मान्य केलंय, काका."

"तरी वाचून दाखवायची परवानगी असावी."

ती मिळाली नाही. पण माझी हरकत मान्य झाली होती, जन्मात प्रथमच. येताना मी दोन किलो कंदी पेढे घेतले आणि एसटीत मेढ्याला निघालेल्या एका अनोळखी गृहस्थालाही एक पेढा दिला. त्याने कशाबद्दल म्हणून विचारले. मी म्हणालो, "मध्यरेषेबद्दल." त्याने पेढा खिशात ठेवला.

मग मतदारांची प्रारूप यादी आली. ती मी लाल शाईने तपासली. ओढ्याच्या पश्चिमेला एक नवी वसाहत झाली आहे. तिथली काही नावे आमच्या यादीत घुसलेली दिसली. मी तत्काळ दुसरी हरकत दिली: ओढ्याच्या पश्चिमेस राहणारी सर्व नावे, कोणताही अपवाद न करता, शेजारच्या प्रभागात हलवावीत. ठळक वाक्य तेच घातले, प्रतीही त्याच नऊ जणांना पाठवल्या. हीही हरकत मान्य झाली. लागोपाठ दोन. या काळात मी घरात थोडा उद्धटपणे वागत होतो, असे मला नंतर सांगण्यात आले.

अपक्ष उमेदवाराला पाच सूचक लागतात आणि सूचक त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. भाभींच्या नामनिर्देशनपत्रावर पहिला सूचक म्हणून मी सही केली, आणि माझा अनुक्रमांक मला पाठ असल्याने, लाल शाईच्या त्याच प्रारूप यादीतला, न पाहता भरला. अंतिम यादी माझ्या पिशवीत होती. तिच्यात मी मृतांची नावे शोधली, दुबार नावे शोधली. स्वतःचे शोधावे असे मला सुचले नाही.

छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून एक तरुण बाई बसल्या होत्या. भाभींचा अर्ज पुकारला तेव्हा समोरच्या उमेदवाराचा वकील उठला. हा मुलगा शिकाऊ असताना त्याच्या अर्जांतील चुका मी भर न्यायालयात दाखवत असे.

"मॅडम, पहिल्या सूचकाबद्दल हरकत आहे. हे गृहस्थ या प्रभागाचे मतदार नाहीत."

मी ताडकन उभा राहिलो. "हा बेजबाबदार आरोप आहे. मी या गल्लीत जन्मलो."

"गल्लीबद्दल वाद नाही," तो म्हणाला. "काका ओढ्याच्या पश्चिमेला राहतात. पश्चिमेची सगळी नावं शेजारच्या प्रभागात गेलीत. त्यासाठी एका जागरूक नागरिकानं हरकत घेतली होती. तिची प्रत आमच्या पक्षकारांना माहितीसाठी आलेली आहे." आणि त्याने माझे पत्र वाचायला घेतले. चांगले वाचले. 'नियमाला एकदा अपवाद केला की' या ठिकाणी तो थांबला आणि माझ्याकडे पाहून त्याने वाक्य पुरे केले.

अधिकारीबाईंनी नकाशा मागवला. मोठा होता तो, घरे दिसणारा. आमची गल्ली ओढ्याला येऊन थांबत नाही; साकवावरून पलीकडे जाते आणि चार घरांनंतर संपते. त्या चारांपैकी शेवटचे माझे. चार घरे आपल्या गल्लीपासून तुटू नयेत म्हणून कोण्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने ओढा ओलांडून रेघ पलीकडे नेली होती. वजनदार व्यक्तीच्या सोयीसाठी तो फुगवटा काढला आहे, हा माझा आरोप निम्मा तरी खरा होता. सोय माझी होती.

रोज सकाळी ओढ्यावर उगवणारा सूर्य पाहत चहा पिणाऱ्या माणसाने, आपण ओढ्याच्या पश्चिमेला राहतो एवढे ओळखायला हवे होते. पण त्या वेळी मी अग्रलेखातील चुका काढत असतो.

"काका, ही सही तुमचीच ना?" अधिकारीबाईंनी विचारले.

"माझीच."

"आणि हे पत्र?"

"तेही."

"मग तुमची हरकत नेमकी कशाला आहे?"

मागे कोणी तरी हसले. मी सांगितले की दोष सारभूत नाही, लेखनिक स्वरूपाचा आहे, आणि अशा कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. त्या म्हणाल्या, "सूचक प्रभागातलाच नाही, हे सारभूत नाही तर मग काय सारभूत आहे?" मी उत्तरासाठी तोंड उघडले आणि माझ्या ध्यानात आले की त्या खुर्चीत मी असतो तर हा अर्ज एव्हाना फेटाळून, सूचकाला चार ओळींची लेखी समजही दिली असती. मी बसलो. गल्लीचे पाणी मी माझ्याच अक्षरात बंद केले होते. पत्नीच्या घागरीकडे आता कोणत्या तोंडाने पाहायचे, एवढाच विचार डोक्यात होता.

"फेटाळण्यात येत आहे," बाई म्हणाल्या.

तेव्हा मागून भाभींचा आवाज आला. "म्याडम, खालचा बघा की. दुसरा हाय."

दुसरा होता. एका उमेदवाराला एकाहून अधिक अर्ज भरता येतात, हे कलम मीच त्यांना कधी तरी अनावश्यक माहिती म्हणून ऐकवले होते. त्या अर्जावर टँकरच्या रांगेतील चार बायकांच्या सह्या होत्या आणि पाचवी सही खुद्द टँकरच्या ड्रायव्हरची होती. तो त्याच गल्लीत, ओढ्याच्या योग्य बाजूला राहतो. अर्ज वैध ठरला.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी भाभींना विचारले, "दुसरा अर्ज भरलात, मला सांगितलं नाही."

"वाईट वाटून घिऊ नका, काका. गादीला आमी डबल टाका घालतो. एक उसवला तरी कापूस भाईर येत न्हाई."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता."

"व्हता की. पण तुमी कुटंबी सही केली का मागनं कायतरी येतंच."

ड्रायव्हर शेजारी बशीत चहा ओतत होता. मी त्याच्यावर घसरलो. "आणि तू रे? नळ आला तर तुझा टँकर जाईल, कळतं का?"

"जाऊंद्या की," तो म्हणाला. "रोज बायकांच्या शिव्या खाऊन वैताग आलाय. तुमच्या घरातल्यांच्या तर लयच लागतात."

मतदानाच्या दिवशी मी साकव न ओलांडता उलट दिशेने गेलो आणि ज्यांना कधी पाहिलेही नव्हते अशा माणसांपैकी एकाला मत दिले. भाभींना मत देण्याचा अधिकार मी दोन मान्य हरकतींनी गमावला होता. पत्नीचाही. माझ्यामुळे उरलेल्या तीन घरांचाही. ते शेजारी मतदान केंद्रावर भेटले आणि माझ्याशी अतिशय अदबीने बोलले. ते फार लागले.

भाभी निवडून आल्या. त्यांनी काय केले, कोणत्या टेबलासमोर किती वेळ बसून राहिल्या, ते मला ठाऊक नाही. पत्र मात्र एकही लिहिले नाही. पावसाळा संपता संपता गल्लीत चर खणले गेले आणि निळे पाइप आले. काम रोज पुढे सरकत होते आणि मी रोज जाऊन खोली मोजत होतो. एके सकाळी ते ओढ्याच्या काठावर थांबले. मुकादमाने पाइपाच्या तोंडावर टोपण बसवले आणि माती लोटायला सांगितली.

"पलीकडे चार घरे आहेत," मी म्हणालो.

त्याने कार्यादेश दाखवला. काम प्रभागाच्या हद्दीपर्यंत मंजूर होते. हद्द पुढे शब्दांत दिली होती: ओढ्याच्या मध्यरेषेपर्यंत. माझाच शब्द होता, कानामात्रेचाही फरक न करता.

घरी येऊन मी हे सांगितले. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले. मग घागर उचलली आणि म्हणाली, "आवं, ती मधली रेघ कुटं हाय तेवढी दावा. तितवर घागर घिऊन जाते."

पलीकडचे आमचे जे नगरसेवक आहेत, त्यांना मी तीन पत्रे दिली. तिसऱ्याला उत्तर आले. माझे निवेदन पुढील कार्यवाहीसाठी शेजारच्या प्रभागाच्या नगरसेविकांकडे पाठवले आहे, आणि प्रत मला माहितीसाठी.

भाभी ते निवेदन घेऊन स्वतः साकवावरून आल्या. म्हणाल्या, "काका, पुढच्या मंजुरीत तुमची चार घरं बसवते. टाइम लागंल. तवर आमच्या नळाला पाइप लावा."

तेव्हापासून रोज सकाळी भाभींच्या अंगणातून एक रबरी पाइप निघतो, साकवाच्या कठड्यावरून ओढा ओलांडतो आणि आमच्या चार घरांच्या पिंपांत पाळीने पडतो. एका नळजोडणीचे पाणी दुसऱ्या प्रभागात नेणे हे अनधिकृत आहे. कोणत्या उपविधीखाली, हेही मला माहीत आहे. पाइप दोन तुकड्यांचा आहे आणि त्याचा सांधा नेमका साकवाच्या मध्यावर येतो. दाब वाढला की तो सुटतो. म्हणून कोणी तरी तिथे उभे राहून तो धरावा लागतो. बाजारात पंधरा रुपयांची पट्टी मिळते, ती आवळली की सांधा सुटत नाही. मी पत्नीला दोनदा आणायला सांगितले. ती विसरते. कृष्णेकाठची बाई पाण्याच्या बाबतीत काही विसरेल, हे मला खरे वाटत नाही; पण मी हरकत घेतलेली नाही.

मी सांधा धरून उभा राहतो. साधारण वीस मिनिटे लागतात. दोन्ही हात गुंतलेले असल्याने त्या वेळात काही लिहिता येत नाही. चारही घरांची पिंपे भरेपर्यंत गल्लीतील माणसे कामाला निघतात, साकवावर मला वळसा घालून जातात, आणि ओढ्याच्या योग्य बाजूला राहणारा तो ड्रायव्हर रोज न चुकता विचारतो, "काय काका, मध्यावरच का आज?"