जावयाचे टायर

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माझी ताई भिलाईला आली ती लाल रंगाच्या, दोन दारांच्या, जमिनीला पोट घासेल अशा गाडीतून. आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा दारात स्कूटर असली की घर खातंपितं समजलं जायचं. जिजाजींनी ही गाडी मुंबईच्या कुणा रेसवेड्या माणसाकडून जुनी घेतली होती आणि नागपूरहून स्वतः चालवत आणली होती. टायर चांगले रुंद आणि जवळजवळ गुळगुळीत. तापले की रस्ता कसा पकडतात, हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. "आणि थंडीत?" असं मी विचारलं, तर आईनं मला तीळ भाजायला आत पिटाळलं.

राग आला तो बाबांचा. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, सेफ्टी विभागात ऑफिसर. बाजारात कुणाच्या स्कूटरचा टायर घासलेला दिसला तर अनोळखी माणसालाही थांबवून झापायचे. थंडीत रबर कडक होतं, सकाळच्या दवात कोळशाचा कन्व्हेअर पट्टा ड्रमवर कसा घसरतो, हे आम्ही वरणभातासोबत ऐकत मोठ्या झालो. आणि हाच माणूस त्या टायरांना हात लावून म्हणाला, "मस्त गाडी हाय जी, जावईबापू."

कपाळावर हात मारून घ्यावा असं वाटलं. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला दुखवू नये, हे मलाही माहीत होतं. पण ग्रहानं टायर कोणते लावलेत, एवढं तरी विचारायला काय हरकत होती?

संक्रांतीच्या सकाळी जिजाजी बाबांना आणि मला जवळच्या कुम्हारी गावापर्यंत फिरवून आणायला निघाले. मागे बसायला जागा म्हणजे नावापुरती; मी गुडघे हनुवटीला लावून बसले. तोंडातून वाफ निघत होती. खुर्सीपारच्या वळणावर ट्रकमधून सांडलेली कोळशाची भुकटी दवानं ओली झाली होती. जिजाजींनी तिथंच ॲक्सिलरेटर दाबला. गाडीचं मागचं अंग सरकलं, आम्ही गर्रकन फिरलो आणि जिकडून आलो तिकडेच तोंड करून थांबलो. समोरून एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. मग बाबा म्हणाले, "इथला रोडच बराबर नाही जी."

कुम्हारी राहिली. घरी आल्यावर दोघांनी चहा घेतला आणि क्रिकेटवर बोलत बसले.

संध्याकाळी ताईचं हळदीकुंकू झालं. काळ्या साडीत आणि हलव्याच्या दागिन्यांत ती इतकी खुश होती की मला सकाळचं तिला सांगवेना. पण बायका पांगल्यावर जिजाजींनी जाहीर केलं की उद्या उजाडताच निघू, जेवायला नागपूर. मग मात्र मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा सांगतील त्यायले. ते थोडेच गप बसणार."

मी बाबांना मागच्या अंगणात गाठलं.

"बाबा, सांगा ना जिजाजींले."

"जावई हाय तो. पयल्यांदा आला. आपण कावून बोलाव?"

"ताई बसणार हाय त्या गाडीत."

"मले समजते," ते म्हणाले, आणि उगाच नळ घट्ट करत बसले. समजत होतं, म्हणूनच माझं डोकं फिरत होतं.

सकाळी धुकं होतं. गाडी सुरू झाली. ताईनं बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि दार उघडं धरून बाबांकडे बघत उभी राहिली. बाबा दोनदा खाकरले.

"आज कर हाय जी, जावईबापू. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी परवास करत नाही."

आई अवाक झाली. अमावस्येला आम्हाला मुद्दाम परीक्षेचे फॉर्म भरायला पाठवणारा हा माणूस.

"मी नाही मानत असलं, मामाजी."

"मीबी नाही मानत, पण..." आणि गाडं तिथंच अडलं. मला हसावं की ओरडावं कळेना.

"बाबा," ताई म्हणाली, "कर नका सांगू. टायरचं सांगा."

बाबांनी फाटकाकडे बघत एका दमात सांगून टाकलं. "एवढ्या थंडीत हे टायर रोड पकडत नाही. वरून दव. काल आपण वाचलो ते नशिबानं. ऊन तापल्याबिगर ही गाडी हायवेवर नेऊ नका."

मला वाटलं, आता जिजाजी रुसणार, सोयरिकीत बिब्बा पडणार. कसलं काय. त्यांनी लगेच इंजिन बंद केलं आणि किल्ली बाबांच्या हातात ठेवली.

"खरं सांगू का मामाजी? येतानाही दोनदा घसरली. पण सासुरवाडीले पयल्यांदा येऊन राहिलो, भेव वाटते म्हणून कसं सांगू?"

ते हसले. बाबाही हसले, सुटल्यासारखे, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. आईनं पुन्हा चहा टाकायला घेतला. ताईनं मागच्या सीटवरची बॅग काढली आणि ओसरीवर आणून ठेवली.

"म्हणजे तुमाले दोघायलेही मालूम होतं," ती म्हणाली. "आन् मले तिच्यातच बसवून राहिले होते."

दोघांचं हसू तोंडातच राहिलं. दुपारच्या ट्रेननं ती नागपूरला गेली, एकटी. दोघांपैकी एकालाही तिनं स्टेशनवर येऊ दिलं नाही.