वडिलांच्या द्राक्षांची बाटली

नुकत्याच उघडलेल्या लाल वाईनचा कोंदट, तुरट वास आला की मला बहारीनमधल्या अमवाज बेटावरच्या आमच्या फ्लॅटमधली एक संध्याकाळ आठवते. वडील नाशिकहून पहिल्यांदाच बहारीनला आले होते, आणि त्यांची द्राक्षं ज्या वायनरीत जात, तिथल्या दोन बाटल्या त्यांनी धोतरात गुंडाळून आणल्या होत्या. माझ्या बँकेतले मुंबईचे साहेब जेवायला आले, तेव्हा वडिलांनी स्वतः एक उघडून दिली. साहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसत म्हणाले, "काका, तुमची द्राक्षं खायलाच बरी." वडिलांनी बाटली टेबलाच्या कडेला सरकवली. कोवळ्या वाईनला हवा लागू द्यावी, एवढं मी वाचलं होतं, म्हणून ती मी काचेच्या रुंद जगमध्ये ओतली. "अहो, तो सोलकढीचा जग आहे," बायको पुटपुटली. जेवणं होईपर्यंत वाईनचा तुरटपणा उतरला, पिकल्या जांभळांसारखा वास सुटला आणि साहेबांनी न विचारता पुन्हा ग्लास भरला. "काका, हीच का ती?" वडील म्हणाले, "तीच. तुम्ही घाई केलीत." दोन दिवसांनी जगमध्ये उरलेली वाईन त्यांनी चाखली आणि सिंकमध्ये ओतून दिली. "आंबली. आपली आहे म्हणून खोटं कशाला बोलायचं?" त्यांच्या या दोन्ही बोलण्यांचा मला सारखाच अभिमान वाटतो. आता वडील नाहीत. राहिलेली दुसरी बाटली आज मी त्याच जगमध्ये ओतली आहे आणि साहेबांना फोन करून सांगितलं आहे, आजच या, पण घाई करू नका.